वाचकांचे प्रश्न : खाचरातील काळा चिखल आणि पीट

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या भातखाचरात पावसाळ्यात काळा, उग्र वासाचा चिखल होतो. रोपवाटिकांमध्ये ज्याचे नाव ऐकू येते ते पीट हेच काय?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : नाही, परंतु आपली शंका रास्त आहे, कारण दोन्हींची सुरुवात एकाच कारणाने होते. पाणी साचून राहिले की जमिनीत प्राणवायू पोहोचत नाही, कुजवणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावते आणि वनस्पतींचे अवशेष अर्धवट कुजलेल्या स्थितीत थरावर थर साचू लागतात. हा साठा म्हणजे पीट. त्याची वाढ वर्षाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे मीटरभर थराला सुमारे १,००० वर्षे लागतात. आपले खाचर मात्र सुगीनंतर कोरडे पडते, नांगरटीने त्यात हवा खेळते आणि साचलेले बहुतेक सारे उन्हाळ्यापर्यंत कुजून जाते. थंड हवेत कुजणे आणखी मंदावते, म्हणून निलगिरीच्या उंच दलदलींत खरे पीट आढळते. पृथ्वीच्या केवळ ३ टक्के भूभागावरील पीटमध्ये जगातील सर्व जंगलांपेक्षा अधिक कार्बन आहे. रोपवाटिकेतील कोकोपीट हा नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. त्याचा दलदलीशी काहीच संबंध नाही.