हिरड्यांतून रक्त येतं. पण दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, शिवाय तिथल्या अवजारांतून इन्फेक्शन लागतं असं ऐकलंय. जावं की नाही?

जा, आणि पुढे ढकलू नका. तुम्हाला दोन गोष्टींची धास्ती आहे. साफसफाईने दात खिळखिळे होतात, ही पहिली. ती निराधार आहे. दुसरी अवजारांची. ती निराधार नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. मी हिरड्यांच्या आजारांची डॉक्टर आहे, १८ वर्षं हेच काम करते आहे.

आधी रक्ताचं बघू. तुम्ही लिहिलंय की रक्त येतं म्हणून खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला ब्रश लावणंच सोडलंय. माझ्याकडे येणारे कितीतरी जण हेच सांगतात. रक्त म्हणजे जखम, आणि जखमेला हात लावायचा नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. पण हिरडीतून असं रोज रक्त येतं ते बहुतेक वेळा तिथे ब्रश नीट पोचत नाही म्हणूनच. १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर त्या पूर्ववत झाल्या. आमच्या शाखेचं बरंचसं शहाणपण त्या प्रयोगावर उभं आहे.

दातावर साचतो तो थर म्हणजे नुसते अन्नाचे कण नव्हेत. दात घासून झाले की काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अदृश्य पापुद्रा त्यांच्यावर बसतो. त्याला आधी काही जातींचे गोल जिवाणू चिकटतात. त्यांच्या आधाराने दुसरे येतात, मग तिसरे, आणि सगळे मिळून स्वतःभोवती एक चिकट लगदा तयार करतात. माणसांच्या तोंडांत मिळून जिवाणूंच्या ७०० च्या आसपास जाती सापडल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी आहेत, काही तर उपयोगी. बिघडतं ते थर दिवसेंदिवस तसाच राहिला की. आत प्राणवायू कमी होतो आणि त्याच्याशिवाय जगणाऱ्या जाती वाढतात. त्यांच्यातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा आमचा जुना शत्रू. त्याला वाढायला रक्तातलं लोह लागतं. म्हणजे हिरडीतून रक्त यायला लागलं की त्याचं आयतंच पोषण होतं. तुमच्या दाढांच्या आतल्या बाजूला सध्या हेच चाललं असण्याची दाट शक्यता आहे.

मी कधी कधी पेशंटच्या दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेतला टाचणीच्या टोकाएवढा थर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते आणि पडद्यावर दाखवते. निरोगी जागेतला थर बहुतांशी शांत दिसतो. आजारी खाचेतल्या थरात स्क्रूसारखे पिळाचे जिवाणू सरसर धावत असतात, लांब काड्या वळवळत असतात, आणि मधूनमधून आपल्या शरीराच्या पांढऱ्या पेशी, त्यांना गिळायला आलेल्या. एकदा हे पाहिलं की दात कसे घासायचे ते मला फारसं समजवावं लागत नाही.

हा थर पहिल्यांदा पाहिला तो अँटनी व्हॅन ल्यूवेनहॉकनं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा हा कापडाचा व्यापारी. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून दातांवरच्या जिवंत प्राण्यांची माहिती कळवली. त्याने एक गोष्ट नोंदवून ठेवलीये, जी मला अजून थक्क करते. व्हिनेगरने चूळ भरून त्याने दातांवरचा थर तपासला, तर बाहेरचे जीव मेलेले आणि आतले जिवंत. व्हिनेगर थराच्या आत शिरतच नाही, हे त्याला कळलं होतं.

नुसत्या माउथवॉशने भागेल का, याचं उत्तर त्यातच आलं. माउथवॉशमधलं क्लोरहेक्सिडीन चांगलं औषध आहे, शस्त्रक्रियेनंतर मी एक-दोन आठवडे देतेही. पण जमलेल्या थरात ते पुरेसं उतरत नाही, दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. अँटिबायोटिक्सचंही तेच. गोळ्यांनी सूज चार दिवस उतरते, थर जागच्या जागी राहतो आणि सूज परत येते. थर हाताने मोडावा लागतो, घरी ब्रशने आणि हिरडीखाली आमच्या अवजारांनी.

आता दात हलण्याचं. थरात लाळेतले क्षार बसले की त्याचं कीटण होतं, दगडासारखं टणक. ते ब्रशने निघत नाही. कीटणाचा खरबरीत पृष्ठभाग नव्या थराला आयताच मिळतो आणि सूज हळूहळू खाली सरकते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटरची फट असते. आम्ही खुणा केलेली एक बारीक सळई, म्हणजे प्रोब, त्या फटीत हलकेच उतरवतो आणि दरेक दाताभोवती सहा जागी मोजतो. परवाच एका गृहस्थांच्या शेवटच्या दाढेमागे प्रोब ७ मिलिमीटर आत गेला. त्यांना काही दुखलंही नाही, त्यांनी आरशात पाहिलं तेव्हा कळलं. तेवढ्या खोलीवर दाताला धरून ठेवणारं हाड उरलेलं नसतं. हे हाड जिवाणू कुरतडत नाहीत. त्यांच्याशी लढताना शरीर जी सूज आणतं, त्या सुजेतच आपल्या पेशी ते विरघळवतात.

असे दात कीटणाच्या एकसंध पट्टीने एकमेकांना बांधल्यासारखे होतात. पट्टी निघाली की आधीपासूनचा सैलपणा जाणवतो. सुजलेली हिरडी आकसते, त्यामुळे दातांत फटी दिसतात आणि उघड्या पडलेल्या मुळांना गार लागतं. पेशंटला वाटतं, डॉक्टरांनी दात हलवले. खरं तर हाड कित्येक वर्षं आधीच गेलेलं असतं. सूज ओसरली की पुष्कळदा असे दात काही आठवड्यांत थोडे घट्टच होतात. गेलेलं हाड मात्र सहसा आपोआप परत येत नाही, म्हणून लवकर जा म्हणते. स्केलिंगच्या, म्हणजे कीटण काढायच्या, यंत्राचं टोक सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा कंप पावतं, त्याने कीटण तडकून सुटतं. नीट वापरलं तर दाताचं आवरण खरवडलं जात नाही.

आता तुमची दुसरी भीती. तोंडात जाणाऱ्या प्रत्येक अवजाराला लाळ लागते आणि स्केलिंगमध्ये रक्त लागतंच. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवससुद्धा टिकतो. त्यामुळे अवजारं आधी घासून किंवा अल्ट्रासॉनिक टाकीत स्वच्छ करायची, वाळवायची, पाऊचमध्ये बंद करायची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना ३ मिनिटं दाबाखालच्या वाफेत ठेवायची. आधीचं घासणं चुकवून चालत नाही, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. नुसती जंतुनाशकात बुडवून ठेवलेली अवजारं मी स्वतःच्या तोंडात घेणार नाही.

शिकून बाहेर पडल्यावर मी जिथे पहिली नोकरी केली, तिथली एक गोष्ट सांगते. पाऊचवरची पट्टी दर वेळी रंग बदलायची, सगळे निश्चिंत. एका आठवड्यात मी बीजाणूंची चाचणी केली. एका छोट्या कुपीत उष्णतेला अतिशय चिवट अशा जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली सुप्त रूपं, असतात. ती अवजारांबरोबर आत ठेवायची आणि नंतर उबवायची. द्रव जांभळं राहिलं तर बीजाणू मेले, पिवळं झालं तर जिवंत आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कुपी पिवळी होती. घाईत पाऊच एकावर एक दाबून भरले जात होते आणि मधल्यांपर्यंत वाफ जातच नव्हती. बाहेरची पट्टी फक्त पाऊचला उष्णता लागली एवढंच सांगते, आतलं सगळं निर्जंतुक झालं असं नाही. त्या दिवशीच्या सगळ्या अपॉइंटमेंट मी रद्द करायला लावल्या. बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण आजही तेच करीन. तेव्हापासून दर आठवड्याला ती चाचणी मी स्वतः लावते.

फारसं कुणी विचारत नाही ती गोष्ट म्हणजे पाणी. खुर्चीच्या बारीक नळ्यांमध्ये पाणी रात्रभर साचून राहतं आणि नळीच्या आतल्या भिंतीवर तसाच चिकट थर धरतो, तुमच्या दातांवर धरतो तसाच. अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, मार्गदर्शनानुसार शस्त्रक्रिया नसलेल्या उपचारांच्या पाण्यात मिलिलिटरमागे ५०० हून जास्त जिवाणू नसावेत. शस्त्रक्रियेला तर निर्जंतुक पाणीच हवं. २०१५ साली अमेरिकेतल्याच जॉर्जियात आणि २०१६ साली कॅलिफोर्नियात दुधाच्या दाढांवर उपचार घेतलेल्या मुलांना अशाच पाण्यातून जबड्याच्या हाडापर्यंत संसर्ग झाला होता. म्हणून नळ्यांना ठरावीक काळाने जंतुनाशकाची प्रक्रिया करायची आणि दोन पेशंटांच्या मध्ये २० ते ३० सेकंद पाणी सोडून द्यायचं.

तुम्ही काय बघायचं? पाऊच तुमच्यासमोर फोडला जातो का, ग्लोव्हज तुमच्यासाठी नवे घातले का, आणि त्याच ग्लोव्हजने फोन किंवा ड्रॉवरला हात लावून परत तोंडात हात घालतात का. दात घासायचं, पॉलिश करायचं फिरतं हँडपीसही दर पेशंटनंतर ऑटोक्लेव्ह व्हायला हवं, कारण थांबताना ते तोंडातली लाळ आत ओढू शकतं. नुसतं स्पिरिटने पुसणं पुरत नाही. ऑटोक्लेव्ह दाखवा म्हटलं तर चांगला डॉक्टर खुशीने दाखवतो. वैतागला, तर दुसरीकडे जा. पण जाणं टाळू नका.

आजपासून एवढं करा. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका, ४५ अंशांत टेकवा आणि त्या खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला जागच्या जागी बारीक हलवा, रक्त आलं तरी. दोन दातांमधल्या फटीत मावेल त्या मापाचा इंटरडेंटल ब्रश रोज एकदा फिरवा. फक्त वरवरची सूज असेल तर आठ-दहा दिवसांत रक्त बरंच कमी झालेलं दिसेल. नाहीच झालं, तर थर ब्रशच्या आवाक्याखाली गेलाय असं समजा. रक्त थांबलं तरी कीटण तसंच असतं, त्यामुळे तपासणी हवीच.

तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आजार आत वाढत राहतो. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाची कृत्रिम झडप, गरोदरपण, यांतलं काही असेल तर ते खुर्चीत बसायच्या आधीच सांगा. झडप असेल तर स्केलिंगच्या आधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. मधुमेह असेल तर शेवटचा साखरेचा रिपोर्ट बरोबर न्या. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर भरून येत नाहीत आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखरही आटोक्यात यायला त्रास देते. हिरडी दाबल्यावर पू दिसत असेल किंवा चावताना एखादा दात जागेवरून सरकल्यासारखा वाटत असेल, तर दहा दिवस वाट पाहू नका, याच आठवड्यात वेळ घ्या.