अपडेट आले, पण जाहिरातीतली सोय आलीच नाही

प्रश्न : गेल्या दिवाळीत सांगलीतल्या दुकानातून 62 हजारांचा फोन घेतला. कॉल चालू असतानाच समोरच्याचे बोलणे मराठीत ऐकू येईल, अशी जाहिरात होती. सुनेचे माहेर चेन्नईचे, म्हणून मुद्दाम हाच फोन निवडला. दुकानदार म्हणाला, महिन्याभरात अपडेट येईल. दोन अपडेट आले, पण ही सोय नाही. उलट आता फोन तापतो आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, पुढच्या अपडेटला येईल. पैसे परत मिळतील का?

उत्तर : महिनोन्‌महिने वापरलेल्या फोनचे पूर्ण पैसे परत मिळणे अवघड आहे. नुकसानभरपाईचा दावा मात्र तुम्ही नक्की करू शकता.

नुसत्या उशिरावर तक्रार उभी राहत नाही. फोन घेतल्यानंतर कंपनीने एखादी नवी सोय जाहीर केली आणि ती रखडली, तर आपण चरफडण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. तुमचे तसे नाही. सोय आधी दाखवली आणि ती पाहून तुम्ही पैसे मोजले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधली ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही दोन्ही कलमे इथे लावता येतात. अ‍ॅपलने जून 2024 मध्ये दाखवलेली नवी सिरी (आयफोनमधली बोलून काम करणारी मदतनीस) मार्च 2025 मध्ये लांबणीवर टाकली, तेव्हा अमेरिकेतल्या ग्राहकांनी कोर्टात धाव घेतली. तुमच्या फोनची कंपनी वेगळी आहे, पण तिथेही रोख जाहिरातीवरच होता.

कंपनीचा वकील तारांकित तळटीप पुढे करणार, हे धरूनच चाला : ‘सोय टप्प्याटप्प्याने, भाषेनुसार उपलब्ध’. त्याला उत्तर आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राने 2022 साली मार्गदर्शक तत्त्वे आणली. वर ठळक दावा करायचा आणि खाली बारीक अक्षरात तो फिरवायचा, हे त्यांना मान्य नाही. तळटीप दाव्याच्याच भाषेत हवी. तुम्ही पाहिलेली जाहिरात मराठी आणि टीप इंग्रजीत असेल, तर हा मुद्दा तक्रारीत अगदी वर घ्या.

म्हणून आजच जाहिरातीचे आणि कंपनीच्या संकेतस्थळावरील त्या पानाचे स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसेल असे. ही पाने गुपचूप बदलतात. दुकानदाराचे तोंडी आश्वासन सिद्ध करणे कठीण, पण व्हॉट्सअ‍ॅपवर काही बोलणे झाले असेल तर ते जपून ठेवा. बिल आणि खोकेही.

फोन तापतो ही तक्रार वेगळी आहे, ती या सोयीच्या तक्रारीत मिसळून पातळ करू नका. सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब शीटवर ‘अपडेटनंतर फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते’ असे लिहूनच घ्या. ‘सॉफ्टवेअर अपडेट केले, फोन ओके’ एवढेच लिहून कागद पुढे सरकवला, तर हरकत नोंदवल्याशिवाय सही करू नका. तो कागद उद्या तुमच्याच विरुद्ध वापरतील.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. नाही मिटले तर 15 दिवसांची मुदत देऊन कंपनी आणि दुकानदार, दोघांना नोटीस पाठवा आणि मग सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. राहत्या ठिकाणी तक्रार करायची मुभा 2019 च्या कायद्यानेच दिली आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ‘पुढच्या अपडेटला येईल’ ऐकत बसलात तर ती भुर्रकन निघून जाईल. खरेदीच्या तारखेपासूनच मोजलेली बरी.

मागणी लिहिताना पर्याय ठेवा : किंमत परत, ते न जमल्यास भरपाई, शिवाय मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च. तक्रार चालू असताना सोय आलीच, तरी झालेल्या उशिराची भरपाई मागता येते. आणि निकालापर्यंत हा फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका.