सोळा फेस, आठ फेज आणि उतरती कळा

प्रश्न असा आला आहे: ‘मदरबोर्डच्या खोक्यावर “१६+२+१ फेज” असं छापलेलं असतं. या फेजला मराठीत टप्पा म्हणावं की अवस्था? आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा असेल तर दोन बोर्डांची तुलना या आकड्यावरून करता येते का?’

आधी उच्चाराचं बघू, कारण कान किटले आहेत. शब्द ‘फेज’ आहे, ‘फेस’ नाही. वायरमन ‘थ्री फेस’ म्हणतो त्याला माझी हरकत नाही. तो खांबावर चढून जिवावरचं काम करतो, त्याने काहीही म्हणावं. पण अर्धा अर्धा तास कॅमेऱ्यासमोर बसून बोर्डांची चिरफाड करणारे, हातात मल्टिमीटर धरणारे विद्वान जेव्हा ‘सोळा फेसचा बोर्ड’ म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्याच तोंडाला फेस येतो. इंग्रजीतला तोंडवाला फेस लॅटिन ‘फाकिएस’वरून आला. त्याचा या फेजशी काडीचा संबंध नाही.

‘टप्पा’ तर साफ चुकीचा. हिंजवडी फेज वन, फेज टू इथे टप्पा चालतो, कारण एक झाल्यावर दुसरा होतो. बोर्डावर तसं काही नसतं; तिथले फेज म्हणजे प्रोसेसरला आळीपाळीने वीज देणारे छोटे संच. पण टप्पा हा शब्द डोक्यात बसला की माणसाला वाटतं, वीज पहिल्या फेजमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी गाळत गाळत सोळाव्यातून शुद्ध होऊन प्रोसेसरला पोचते. हा समज मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं मूळ भाषांतरातच असावं असं माझं मत झालंय. फेज एकापुढे एक नसतात, शेजारी शेजारी असतात. प्रत्येकाला तेच १२ व्होल्ट मिळतात आणि प्रत्येक जण थेट प्रोसेसरलाच देतो. फरक असतो तो फक्त कोण कधी देतो याचा. ‘अवस्था’ त्या मानाने निरुपद्रवी आहे, पण पाण्यासारखी पातळ. ‘प्रावस्था’ हा परिभाषेतला शब्द. तो बर्फ-पाणी-वाफ यांच्यासाठी खुशाल ठेवा. चक्रातल्या स्थानासाठी तो वापरणाऱ्यांनी हे दोन अर्थ एका गोठ्यात का बांधले, हे मला कधी कळलेलं नाही.

आता मुद्द्याचं. ग्रीकमध्ये ‘फाइनेइन’ म्हणजे दाखवणं, प्रकट करणं. त्यावरून ‘फासिस’, म्हणजे दिसणं, विशेषतः एखादा तारा दिसू लागणं. चंद्र रोज जसा दिसतो ती त्याची फासिस. इंग्रजीत आधी ‘फेजेस’ हे अनेकवचन रुळलं आणि त्यातून एकवचन कातून काढलं. ग्रीक धातूच्या मागे गेलात तर प्रकाशणं या अर्थाचा मूळ धातू लागतो आणि त्याचं संस्कृत भावंड म्हणजे ‘भा’. भानु, प्रभा, आभा, भास आणि अर्थात आभास, सगळं एकाच घराण्यातलं. ग्रीक बाजूला फोटो, फॉस्फरस, फँटम, एम्फसिस, आणि फँटसी आखडून झालेला ‘फॅन्सी’. म्हणजे शाळेतली फॅन्सी ड्रेस स्पर्धा आणि तुमच्या प्रोसेसरच्या डावीकडची चोकची रांग ही चुलत भावंडं निघाली! फेज आणि आभास हे नातलग आहेत हे जाहिरात लिहिणाऱ्यांना माहीत नसणार, पण वागतात मात्र माहीत असल्यासारखे.

काही मंडळी याच फासिसला ‘अफेजिया’शी, म्हणजे वाचा जाण्याशी जोडतात आणि तिथून ‘फेज म्हणजे बोलणं’ असं काहीतरी काढतात. तो ‘फानाइ’ म्हणजे बोलणं, वेगळा धातू. ध्वनी जुळला म्हणून गोत्र जुळवायचं ही सवय आपल्याकडे फार आहे.

मग मराठीत काय? अहो, शब्द घरातच आहे: कळा. संस्कृतात ‘कला’ म्हणजे अंश, आणि विशेष करून सोळावा अंश. चंद्राच्या कला सोळा. म्हणून सोळा कलांनी युक्त तो परिपूर्ण. खगोलगणितात हाच शब्द कोनासाठी येतो: अंशाचा साठावा भाग ती कला, कलेचा साठावा भाग विकला. पंचांग उघडून बघा. आता गंमत पाहा. सोळा फेजच्या बोर्डावर ३६० अंशांचं आवर्तन सोळांत वाटलं की दोन शेजारच्या फेजमधलं अंतर येतं २२ अंश ३० कला. फेजचं माप कलेतच निघतं, आणि आपण त्याला टप्पा म्हणतो.

मराठीने या कलेची ‘कळा’ केली आणि जपली. उतरती कळा लागणे, अवकळा, प्रेतकळा. कोणी म्हणेल इथे कळा म्हणजे नुसती कांती, चेहऱ्याचं तेज. अवकळेत आणि प्रेतकळेत असेल, मी भांडत नाही. पण ‘उतरती’? कांती उतरते, बरोबर. पण कांतीला उतरती आणि चढती अशी जोडी कशाला लागते? ती जोडी कृष्ण आणि शुक्ल पक्षाची आहे. पंजाबीत ‘चढदी कला’ आजही जिवंत आहे. माझ्या मते ‘उतरती कळा’ हा वाक्प्रचार सरळ चंद्रावरून आलाय आणि कोणत्याही शब्दकोशाने त्याला तेजाच्या कोपऱ्यात ढकललं तरी मी तो परत ओढून आणणार. म्हणजे मराठी माणूस ‘वेनिंग फेज’ हा शब्द घराण्याच्या आणि कारखान्याच्या दैन्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतोय, आणि बोर्डाच्या वेळी मात्र भाषेत शब्द नाही म्हणून हात वर करतो.

हे सगळं नुसतं शब्दलालित्य नाही. कळा म्हटलं की बोर्डावरचं मोजमाप आपोआप सुधारतं, ते असं.

प्रोसेसरशेजारच्या आठ पिनांच्या जोडणीतून १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला हवे असतात सव्वा व्होल्टच्या आसपास. हे उतरवण्याचं काम व्हीआरएम (व्होल्टेज रेग्युलेटर मॉड्यूल) करतो, आणि त्याच्या प्रत्येक फेजमध्ये एक वरचा मॉसफेट (झपाट्याने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), एक खालचा आणि एक चोक असा संच असतो. (हा चोक आपल्याला ट्यूबलाइटमुळे माहीत आहे. तिथला वजनदार, घुंऽ करणारा, इथला नखाएवढा, पण दोन्हीकडे काम प्रवाहाचे झटके आवरण्याचंच.) १२ चे १.२ करायचे तर वरचा मॉसफेट आवर्तनाच्या जेमतेम दहाव्या हिश्शापुरता चालू राहतो. सेकंदाला पाच लाख आवर्तनं धरली तर एक आवर्तन २ मायक्रोसेकंदांचं, आणि त्यात चालू राहण्याचा काळ ०.२ मायक्रोसेकंद. एकच फेज असेल तर बाकीचा सगळा वेळ चोक आणि कपॅसिटर यांच्या जिवावर काढायचा, आणि व्होल्टेज हेलकावे खाणार. म्हणून फेज अनेक आणि प्रत्येकाची वेळ निराळी. अगदी तीनतालासारखं: सोळा मात्रा, प्रत्येक बोल आपल्या मात्रेवर. दोन तबलजींनी एकाच मात्रेवर थाप मारली म्हणून ताल बत्तीस मात्रांचा होत नाही.

आणि नेमकी हीच लबाडी चालते. २०१८ साली इंटेलच्या झेड३९० चिपसेटचे बोर्ड आले तेव्हा असूसच्या मॅक्सिमस इलेव्हन हीरो या बोर्डावरून वाद पेटला होता. प्रोसेसरच्या मुख्य व्होल्टेजसाठी बोर्डावर चोक दिसत होते आठ, पण कोणी कधी चालू व्हायचं हे ठरवणाऱ्या कंट्रोलर चिपकडून निघणारे इशारे चार. प्रत्येक इशाऱ्यावर दोन दोन संच एकाच क्षणी चालू होत. चोक आठ, कळा चार. कंपनीचं म्हणणं असं की मध्ये डबलर (एका इशाऱ्याचे दोन करणारी चिप) घातला की इशारा पोचायला उशीर होतो, त्यापेक्षा जोडी एकदम चालवली तर भार अचानक वाढल्यावर प्रतिसाद लवकर मिळतो. म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण त्याला आठ फेज म्हणू नये, एवढंच.

डबलरची गोष्ट मात्र वेगळी, आणि इथे माझं बहुतेक समीक्षकांशी पटत नाही. इंटरसिलचा आयएसएल६६१७ सारखा डबलर एका इशाऱ्यातले ठोके आळीपाळीने दोन संचांना वाटतो. पहिला ठोका याला, दुसरा त्याला. म्हणजे दोन्ही चोक वेगवेगळ्या क्षणी उगवतात. उगवणं वेगळं तर फासिस वेगळी, कळा वेगळी! डबलरच्या सोळा फेजना सरसकट ‘खोटे फेज’ म्हणणाऱ्यांनी शब्दाचा अर्थ एकदा तपासावा. थोडी दिरंगाई होते, मान्य. खोटेपणा नाही. कंट्रोलरच सोळा इशारे देतो असे बोर्डही आहेत. २०१९ चा गिगाबाइटचा एक्स५७० ऑरस एक्स्ट्रीम घ्या: इन्फिनिऑनचा सोळा इशाऱ्यांचा कंट्रोलर, त्यातले चौदा मुख्य व्होल्टेजला आणि दोन एसओसीला, म्हणजे प्रोसेसरमधल्या गाभे सोडून उरलेल्या भागाला.

हो, ते अधिकचं चिन्ह. ‘१६+२+१’ यातले फक्त पहिले सोळा प्रोसेसरच्या गाभ्यांसाठी, म्हणजे कोअरसाठी. पुढचे आकडे एसओसी किंवा ग्राफिक्स आणि इतर किरकोळ व्होल्टेजसाठी. बेरीज करून ‘एकोणीस फेज’ सांगणारा दुकानदार लॅमिंग्टन रोडला भेटला (रस्त्याचं नाव खरं तर भडकमकर मार्ग, पण तो वाद पुन्हा कधीतरी), तर तिथूनच मागे फिरा.

राहिला प्रश्न तुलनेचा. फेजच्या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक, कळा किती, म्हणजे व्होल्टेज किती शांत. दोन, संच किती, म्हणजे उष्णता किती जणांत वाटली गेली. पहिल्यात एका मर्यादेपुढे फारसं हाती लागत नाही. उलट एक मजा सांगतो: चालू काळ नेमका दशांश असेल तर दहा कळांत हेलकावे कागदावर पूर्ण कटतात, सोळात नाही. दुसऱ्यात मात्र जोडीने चालणारे संचही पुरेपूर मोजले पाहिजेत. २०० अँपियर आठ संचांत वाटले तर प्रत्येकी २५, सोळांत साडेबारा. वहनातला ऱ्हास (प्रवाह वाहताना उष्णतेत वाया जाणारी वीज) प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणून दुप्पट संचांत एकूण ऱ्हास निम्मा आणि एकेका संचाचा पाव. तेव्हा ज्या असूसला मी वर झोडपलं त्याचे चार फेज तापण्याच्या हिशोबात आठच धरायचे. मॉसफेट दर आवर्तनात चालू-बंद करण्यात जी ऊर्जा जाते ती मात्र संच वाढले की वाढते. म्हणून हलक्या भाराला जास्त संच असणं नुकसानीचंही असतं.

‘प्रत्येकी ९० अँपियर’ या पाटीला भुलू नका. सोळा गुणिले नव्वद म्हणजे १४४० अँपियर. इंटेलच्या आय९-१४९००के ला कंपनीची मर्यादा २५३ वॉटची, प्रवाहाची ३०७ अँपियरची. १४४० अँपियर कोण पिणार आहे? त्या पाटीचा उपयोग एवढाच की मोठ्या क्षमतेचे संच त्याच भाराला सहसा कमी तापतात.

आणि तापण्याचं म्हणाल तर हीटसिंक. २०१७ साली इंटेलच्या एक्स२९९ चिपसेटचे बोर्ड आले तेव्हा डेरबाउअर या जर्मन ओव्हरक्लॉकरने त्यांच्या व्हीआरएमवर जाहीर कोरडे ओढले होते. फेज पुरेसे होते, वर बसवलेला धातूचा ठोकळा दिसायला देखणा आणि वारा खेळायला निरुपयोगी होता. हीटसिंकला पंख असावेत, दिवे नकोत. शिवाय परदेशी चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंश असताना तो फरक व्हीआरएमच्या तापमानात जवळजवळ तसाच्या तसा मिळवायचा. चाचणीत ८५ दाखवणारा बोर्ड तिथे शंभरी ओलांडेल आणि जरा पुढे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली आणेल. ओव्हरक्लॉक करून उतरती कळा.

रायझन ५ ७६०० सारखा ८८ वॉटवर थांबणारा प्रोसेसर असेल तर आठ बऱ्या संचांचा कुठलाही बोर्ड पुरतो, सोळाचे पैसे रॅममध्ये घाला. आय९ सारखा राक्षस पळवायचा असेल तर कंट्रोलरचा आणि मॉसफेटचा क्रमांक शोधा, कंट्रोलर किती इशारे देतो ते त्याच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर असतं. इशारे मोजा, चोक मोजा. दोन्ही आकडे जुळले तर ते फेज. चोक दुप्पट निघाले तर मध्ये डबलर आहे का ते बघा: असेल तर कळा चोकांइतक्या, नसेल तर इशाऱ्यांइतक्या. आणि दुकानात विचारताना ‘फेज’ म्हणा.