यायची वेळ मागताना सुटायचीही लिहून घ्या

प्रश्न : ताई, मी बदलापूरला राहते आणि फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. आम्ही तिसेक जण आहोत. साडेनऊला थंब लावायचा. तीनदा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. मुलगा अकरा महिन्यांचा आहे, त्याला सासूबाई सांभाळतात, पण संध्याकाळपर्यंत त्या पार थकून जातात. मी सोमवार ते शनिवार आठ ते साडेचार अशी वेळ मागितली. सर म्हणाले, "तुला दिली तर उद्या सगळे मागतील." कायद्याने मला ही वेळ मिळते का?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : हवी ती वेळ मिळण्याचा हक्क आपल्याकडे खासगी नोकरीत कायद्याने दिलेला नाही. २०१७च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात २६ आठवड्यांच्या रजेनंतर घरून काम करण्याची सोय आली, पण तीही दोघांच्या संमतीने. पाळणाघराची सक्ती ५० किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेला, म्हणजे तुम्हाला नाही. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी मिळते. मूल बदलापूरला आणि आई फोर्टात, तर तिचा काय उपयोग? मात्र या दोन सुट्ट्या एकत्र करून दिवसाच्या शेवटी द्या, असं तुम्ही नक्की मागू शकता.

"सगळे मागतील" हे उत्तर मी कर्मचारी विभागात असताना इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. मागू देत की! खुद्द मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ पासून मुंबईतल्या आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांना साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा दिल्या, गाड्यांतली गर्दी विभागली जावी म्हणून.

सरांशी पुन्हा तोंडी बोलू नका, मेल करा. त्यात घरची अडचण एका ओळीत आणि बाकी सगळं काम. दर महिन्याच्या ७ तारखेचा टीडीएस (कापून घेतलेला आयकर), १५चा पीएफ, ११चं जीएसटीआर-वन आणि २०चं थ्री-बी ही जीएसटीची विवरणपत्रं : भरायच्या या दिवसांत गरज पडली तर थांबेन, असं तारखांसकट लिहा. चेकवर सरांच्या सह्या कधी होतात तेही बघा. ते दुपारी बारा वाजता येत असतील तर सह्यांचं काम जेवणाआधी उरकेल असं सुचवा. अर्धा तास जेवणाचा वगळून तुमचे रोजचे आठ तास भरतात, सहा दिवसांचे ४८. दुकाने व आस्थापना कायद्याची आठवड्याची मर्यादा तेवढीच आहे, त्यावर थांबवलं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम. म्हणजे तुम्ही एक मिनिटही कमी काम मागत नाही आहात.

खरी मेख सुटायच्या वेळेत आहे. आठला येऊन बसलेली बाई साडेचारला पर्स उचलते तेव्हा सगळं ऑफिस बघतं, "आज लवकर?" म्हणून विचारतं. तिचा सकाळचा दीड तास कुणी पाहिलेलाच नसतो. महिनाभरात ती आपणहून साडेपाचपर्यंत बसायला लागते आणि यायचं मात्र आठलाच राहतं. असं किती जणींचं झालेलं मी पाहिलंय! म्हणून मेलमध्ये 'सुटण्याची वेळ ४.३०' असे शब्द हवेत आणि सरांचं उत्तरही लेखी हवं. रोज साडेनऊच्या आत बँक शिल्लक आणि त्या दिवशीची देणी सरांना पाठवून द्या. सकाळचं काम त्यांच्या डोळ्यांसमोर राहील.

एकदम कायमचं मागू नका, दोन महिने करून बघू म्हणा. मार्चमध्ये आणि ऑडिटच्या दिवसांत तर विषयच काढू नका.

आणि मेल पाठवण्याआधी ऑफिसची किल्ली कोणाकडे असते ते विचारून घ्या. शिपाई नऊला येत असेल तर आठला दार कोण उघडणार, आणि तासभर तुम्ही तिथे एकट्याच असणार का? तसं असेल तर साडेआठ ते पाच मागा, आणि शिपायाला अर्धा तास आधी येऊन तेवढंच आधी सुटायला चालेल का, ते त्यालाच विचारा. तोही लांबूनच येत असेल.