क्विल्टिंगच्या ग्रुपमध्ये प्रोजेक्ट शेअर करणं आणि चॅलेंज ठेवणं, हे टिकवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की दापोलीत सात-आठ जणींनी मिळून मॉडर्न क्विल्टिंगचा, म्हणजे नव्या धाटणीच्या गोधड्या करायचा ग्रुप काढलाय, सुरुवातीला सगळ्या हौसेने आपापलं काम दाखवायच्या, एक चॅलेंज पण ठेवलं, आणि आता दोघीतिघीच काय त्या काहीतरी करतात, बाकीच्या "मस्त गं" म्हणून गप्प. तर शेअर कसं करायचं आणि चॅलेंज कसलं ठेवायचं.

ताई, मी रत्नागिरीकडची, आमचाही असाच ग्रुप आहे, पावस, लांजा, देवरुख असा पसरलेला, दोघी तर मुंबईला असतात आणि सुट्टीत गावी आल्या की हजेरी लावतात. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी आतून कळला. माझं म्हणणं असं की पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट काम जास्त दाखवा, आणि चॅलेंजमध्ये मोकळीक देण्यापेक्षा बंधन घाला. या दोन गोष्टी झाल्या की ग्रुप बोलायला लागतो.

आता बघा, क्विल्ट पूर्ण झाली, टाके पडले, कडेची पट्टी लागली, धुऊन इस्त्री करून आणली, मग त्यावर दुसरीने बोलायचं काय? डावीकडचा पिवळा जरा जास्त झालाय असं तिला वाटलं तरी ती सांगणार नाही, सांगून उपयोगही नाही, नुसतं वाईट वाटायचं. म्हणून सगळ्या "मस्त" म्हणतात. आणि जिचं काम अजून तेवढं सफाईदार नाही ती पुढच्या वेळी पिशवी उघडतच नाही. हेच जर टॉप, म्हणजे क्विल्टचा वरचा थर जोडायच्या आधी, तुकडे नुसते चटईवर मांडलेले असताना दाखवलं तर दहा गोष्टी बोलता येतात, तुकडा उचलून दुसरीकडे ठेवून बघता येतो, आणि बघणारीलाही शिकायला मिळतं कारण तिच्या डोळ्यांदेखत ते बदलतं.

आमच्याकडे रीत अशी की काम आणणारीने सोबत एक प्रश्न आणायचा. "कसं वाटतंय?" हा प्रश्न चालत नाही. "हा गडद निळा ठेवू की काढू", "मधली मोकळी जागा अजून वाढवू का", "या पट्ट्या हाताने शिवू की मशीनवर", असं काहीतरी नेमकं. बाकीच्यांनी आधी एवढंच सांगायचं की पहिल्यांदा नजर कुठे गेली, आणि मग फक्त त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, न विचारलेला सल्ला नाही. नजर कुठे गेली हे सांगायला कुणाला क्विल्टिंगचं फार ज्ञान लागत नाही त्यामुळे नवीन मुलगीसुद्धा बोलते, आणि बऱ्याचदा तीच बरोबर असते.

आणखी एक साधी युक्ती, मांडलेल्या तुकड्यांचा मोबाईलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचा. रंग डोळ्याला फसवतात, गडद-फिकट मात्र फोटोत लगेच कळतं. आमच्यातल्या एकीने लाल आणि हिरवा घेऊन फार मेहनतीने त्रिकोण मांडले होते आणि काहीतरी चुकतंय एवढंच तिला कळत होतं, फोटो काढला तर दोन्ही रंग सारखेच राखाडी, त्रिकोण गायब. हिरव्याच्या जागी फिकट पोपटी घातला आणि डिझाइन उठून दिसलं. हे टॉप शिवून झाल्यावर कळलं असतं तर उसवण्याशिवाय पर्याय नव्हता.

आता चॅलेंज. "या महिन्यात काहीही सुंदर बनवा" हे चॅलेंजच नव्हे, त्यात बाई कपाट उघडून नुसती बसते. मॉडर्न क्विल्टिंगची जी ओळख आहे, म्हणजे प्लेन कापडाचे ठसठशीत रंग, भरपूर मोकळी जागा, मुद्दाम एका बाजूला झुकलेली रचना, मोजपट्टी न लावता कापलेले तुकडे, ही सगळी नीट बघितलीत तर निवड कमी करण्याचीच कला आहे. अमेरिकेत मॉडर्न क्विल्ट गिल्ड ही अशा क्विल्ट करणाऱ्यांची संघटना २००९ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली, २०१३ मध्ये ऑस्टिनला त्यांचं पहिलं क्विल्टकॉन, म्हणजे संमेलन आणि प्रदर्शन भरलं, आणि तिथे एक चॅलेंज असतं त्यात ठराविक रंग दिलेले असतात आणि एकेका गावच्या ग्रुपने मिळून त्यातच एक क्विल्ट करायची, झाल्यावर ती दान द्यायची. रंग सगळ्यांना सारखे, तरी एक क्विल्ट दुसरीसारखी होत नाही. मला ही कल्पना फार आवडते कारण त्यात कुणाकडे महागडं कापड आहे हा मुद्दाच राहत नाही.

अमेरिकेतच अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायकांचं काम तर तुम्ही पाहिलंच असेल, २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये त्यांच्या क्विल्ट लागल्या आणि मग जगभर नाव झालं. त्या क्विल्ट शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या, हाताशी जे होतं त्याच्या, आणि तेवढ्यातच काय रचना केल्यात! आणि एवढं लांब कशाला, आपल्या खाली कर्नाटकात उत्तर कन्नडमध्ये सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी करतात, त्यात ब्लॉक, म्हणजे आधी वेगळे शिवून ठेवलेले चौकोन वगैरे काही नाही, जुन्या साडीवर कडेपासून तुकडे लावत धावदोऱ्याने फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं आणि कोपऱ्यांना घडीच्या छोट्या पाकळ्या लावायच्या, त्यांना फुला म्हणतात. कापणं, जोडणं, टाके घालणं सगळं एकाच वेळी. आम्ही एक चॅलेंज याच पद्धतीवर केलं, उशीच्या अभ्र्याएवढंच करायचं, मोजपट्टी वापरायची नाही. ज्या बायका नेहमी मोजून-मापून काम करतात त्यांना पहिले काही दिवस जड गेलं आणि नंतर त्यांचंच काम सगळ्यात मोकळं आलं.

तर बंधन कसलं घालायचं? रंग तीनच, त्यातला एक सगळ्यांना सारखा. किंवा नुसती शिंप्याकडची कातरण. किंवा एक फोटो द्यायचा, आपल्याकडे फोटोंची काय कमी, चिरेखाणीचा जांभा घ्या, लावणी झालेलं शेत घ्या, ओहोटीला खाडीत उघडा पडलेला चिखल घ्या, आणि त्यातले तीन रंग प्लेन कापडात शोधायचे. प्लेन कापडासाठी ऑनलाईन मागवायची गरज नाही, ब्लाउजचं मॅचिंग सेंटर गाठा, एका रंगाच्या दहा छटा मिळतात आणि अर्धा मीटर पण फाडून देतात. फक्त ते सुती आहे की मिक्स ते बघा, कडेचा दोरा काढून पेटवा, सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख पडते, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते. गरम इस्त्रीखाली मिक्स कापड आकसतं आणि शेजारच्या सुती तुकड्याला चुण्या पाडतं, म्हणून एवढं सांगते.

बक्षीस ठेवू नका. नंबर आला की तुलना आली, आणि पुढच्या चॅलेंजला तीच ठरलेली तिघीजणी राहतात. आकार लहान ठेवा, बारा इंची ब्लॉक किंवा टेबलावरचा रुमाल, म्हणजे घरचं सगळं सांभाळून पूर्ण होतो. पूर्ण होणं फार महत्त्वाचं आहे हो, अर्धी पडलेली मोठी क्विल्ट कपाटात दिसली की बाईला ग्रुपमध्ये यायलाच नको वाटतं.

एकमेकींनी ब्लॉक करून एकत्र जोडायचे असतील तर मात्र आधी माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, सारखी करून घ्या. इथे भांडणं होतात, खरंच. क्विल्टिंगमध्ये माया पाव इंच धरतात, पण कुणाची जुनी पायाची मशीन, कुणाची नवी मोटरवाली, प्रत्येकीचा पाव इंच वेगळा. एका ओळीत चार तुकडे म्हणजे तीन शिवणी, आणि प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांची माया अर्धं अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली तर एका शिवणीला एक सूत गेलं, तीन शिवणींना तीन सूत. म्हणजे कडेच्या मायेसकट साडेबारा इंचाचा ब्लॉक बारा आणि एक सूत भरणार, तो शेजारच्या बरोबर ब्लॉकला कसा जुळणार? म्हणून सगळ्यांना एक परीक्षा द्यायला लावा, दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापायच्या, शेजारी शेजारी शिवायच्या, इस्त्री करून मधली पट्टी मोजायची, बरोबर एक इंच भरली पाहिजे. नसेल भरत तर मशीनच्या पत्र्यावर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावून घ्या आणि कापड तिला टेकवून चालवा. आणि टेप सगळ्यांनी एकच वापरा, प्लास्टिकचे जुने टेप ताणलेले असतात.

राउंड रॉबिन पण करून बघा पण जरा ओळख मुरल्यावर. त्यात प्रत्येकीने मधला तुकडा करायचा आणि पुढचीकडे द्यायचा, ती भोवती एक फेरी जोडते, मग तिसरी, असं करत मूळ मालकिणीकडे परत. आमच्याकडे हे एसटीच्या पार्सलने फिरतं. सोबत एक छोटी वही ठेवा, जिने जे जोडलं तिने त्यात लिहायचं, का जोडलं ते पण, आणि मालकिणीने पहिल्याच पानावर लिहायचं की काय चालणार नाही. कुणाला आजीच्या लुगड्याचा तुकडा मध्ये घातलेला असतो, त्याला कात्री लावायची नसते, ते आधीच लिहिलेलं बरं.

लुगड्यावरून आठवलं, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. तुमच्या वाडीत गोधड्या शिवणाऱ्या म्हाताऱ्या बायका असतीलच. त्यांना बोलवा, पण नुसत्या पाहुण्या म्हणून हार-नारळ देऊन बसवू नका आणि आपले टाके फुकट घालून घ्यायला तर मुळीच नको, शिवून घेतलंत तर पैसे द्या, व्यवस्थित द्या. त्यांना तेच चॅलेंज द्या जे बाकीच्यांना. आमच्याकडे एक काकू येतात, रोटरी कटर, म्हणजे गोल पात्याचा कटर, त्यांनी हातात धरला नाही, पण तीन रंग दिल्यावर त्यांनी एवढी मोठी पांढरी जागा सोडून कोपऱ्यात जो काही लाल घातला तो बघून आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो. धावदोरा ओळीत कसा राखायचा, थर सरकू नयेत म्हणून आधी मधून बाहेर कच्चे टाके कसे घालायचे, हे त्यांच्या हाताकडे बघून जे कळतं ते व्हिडिओत कळत नाही. आत भरायला वॅडिंग, म्हणजे विकतचा मऊ भरावाचा थरच पाहिजे असंही नाही हे त्यांच्यामुळेच आमच्या लक्षात आलं, आपल्या दमट हवेत आत जुनी मऊ सुती साडी घातलेली पांघरायला जास्त बरी पडते आणि धुतली की लवकर वाळते.

तारखांचं म्हणाल तर गावचं कॅलेंडर बघून ठरवा. शिमगा आणि गणपती यांच्या आधीचा पंधरवडा सोडून द्या, कुणी फिरकणार नाही. आंब्याच्या दिवसात ज्यांची बाग आहे त्यांना विचारूच नका. लावणी आटपली की गणपतीची गडबड सुरू होईपर्यंत जो वेळ मिळतो तो हातशिलाईला फार चांगला, लाईट गेली तरी अडत नाही, दारात उजेडाला बसून होतं. मात्र पावसात काही पूर्ण करून धुवायचा नाद करू नका. जाड गोधडी आतून ओली राहते आणि काळे ठिपके धरते, ते मग जात नाहीत. कांजी केलेलं कापड साठवून ठेवायचं नाही, त्याला कसर लागते. सुया तेलाचं बोट लावून डबीत, नाहीतर गंजून कापडावर डाग. जोडणं पावसात, धुणं-वाळवणं दिवाळीनंतरच्या उन्हात, असं वाटून घ्या. आणि लाल, राणी, काळा हे रंग कापायच्या आधीच धुऊन, ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा, कारण एकीचा रंग सुटला तर आठजणींचं काम खराब होतं.

शेअरिंगमध्ये नावाचं पण बघा. विकत घेतलेला पॅटर्न असेल तर झेरॉक्स काढून वाटू नका, ज्या बाईने तो आखलाय तिचं ते पोट आहे. कुणाची कल्पना घेतलीत तर तिचं नाव सांगा, आणि प्रत्येक कामाच्या मागे कापडाची छोटी पट्टी लावून त्यावर शिवणारीचं नाव, गाव, साल हाताने टाका. काकूंनी आयुष्यात एवढ्या गोधड्या शिवल्या पण एकीवरही त्यांचं नाव नव्हतं, आता असतं.

दापोलीत लगेच सुरू करायचं असेल तर पहिलं चॅलेंज माझ्याकडून घ्या. बारा इंच, तीन प्लेन रंग, त्यातला एक पांढरा आणि तो निम्म्याहून जास्त दिसला पाहिजे. पहिल्या बैठकीला फक्त तुकडे मांडून आणायचे, शिवायचे नाहीत, आणि सोबत एक प्रश्न. शिवलेलं दुसऱ्या बैठकीला. ज्या सध्या गप्प आहेत त्यांच्यातल्याच एखादीला बाकीचे दोन रंग निवडायला सांगा.