डेटाबेसची खास फीचर्स वापरावीत की लॉक-इनच्या (एकाच डेटाबेसमध्ये अडकून पडण्याच्या) भीतीने साधं एसक्यूएलच लिहावं?

वापरा. तुमचं प्रॉडक्ट पोस्टग्रेस या ओपन-सोर्स डेटाबेसवर आहे आणि त्यातलं जेसनबी (जेसन डेटा ठेवायचा कॉलम), रेंज टाइप (सुरुवात ते शेवट एकाच कॉलममध्ये) वगैरे वापरलं तर उद्या दुसरीकडे जाताना अडकू का, असं विचारलंय ना, तर याच भीतीपायी झालेली फजिती मी जवळून पाहिलीये.

पुण्यात एका कंपनीत होतो, मंगल कार्यालयांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर, डेटाबेस पोस्टग्रेसच. आमच्या आर्किटेक्ट साहेबांचा हट्ट की सगळं कुठल्याही डेटाबेसवर चाललं पाहिजे, का तर उद्या मोठा क्लायंट ओरॅकल (हा विकतचा डेटाबेस) मागेल. त्यामुळे आधी सिलेक्ट मारून हॉल मोकळा आहे का बघायचं आणि मग इन्सर्ट. रीड कमिटेडला (पोस्टग्रेसच्या नेहमीच्या सेटिंगला) दोन काउंटरवरून एकदम बुकिंग आलं की दोघांनाही हॉल मोकळाच दिसतो, पुढचं सांगायला नको. मी म्हणलं एक्सक्लूड कन्स्ट्रेंट टाकू, हॉल तोच आणि वेळ एकमेकांवर येत असेल तर डेटाबेसच रो घेणार नाही, रेंज टाइप 2012 च्या पोस्टग्रेस 9.2 पासून आहेत, त्यासाठी लागणारं बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन चालू केलं की झालं, आणि रेंजचं शेवटचं टोक वगळता येत असल्यामुळे 3 ला मुंज संपून 3 लाच रिसेप्शनवाले आले तरी चालतं. साहेब म्हणाले, स्टँडर्ड नाही, नको. मग हॉलच्या रोवर सिलेक्ट फॉर अपडेट (आपलं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं लॉक) लावलं. ते चाललंही, पण पुढे कुणीतरी एक्सेलमधून बुकिंग चढवायची स्क्रिप्ट लिहिली, तिला या लॉकचा पत्ताच नाही. ऐन लग्नसराईत एकाच मुहूर्ताला एकाच हॉलमध्ये दोन लग्नं, दोघांच्याही पत्रिका वाटून झालेल्या. मालकाचे फोन कुणी घेतले? साहेबांनी नाही.

ओरॅकल मागणारा क्लायंट मी असेपर्यंत तरी आला नाही. आणि आला असता तरी ते 'स्टँडर्ड' एसक्यूएल तसंच्या तसं चाललं असतं हा गोड गैरसमज आहे. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल (किंमतच नाही), पोस्टग्रेसमध्ये नाही. ओरॅकलच्या डेटमध्ये वेळही असते. सिरियलायझेबल (ट्रान्झॅक्शन एकामागून एक झाल्यासारखी वागवणारी सगळ्यात कडक पातळी) हे नाव दोन्हीकडे एकच, पण ओरॅकल त्या नावाखाली स्नॅपशॉट आयसोलेशन (प्रत्येकाला आपल्या सुरुवातीच्या क्षणाचाच डेटा दिसतो) देतं, त्यात आमच्यासारखं डबल बुकिंग आरामात होतं, आणि पोस्टग्रेस 9.1 पासून ते खरंच अडवतं. म्हणजे खास फीचर एकही न वापरता तुम्ही अडकलेलेच असता, फक्त कुठे ते माहीत नसतं. एक्सक्लूड कन्स्ट्रेंट निदान स्कीमामध्ये नावानिशी दिसतो, हलवताना त्याची यादी काढता येते.

ज्यांना खरंच बाहेर पडायचं असतं ते पडतात. अ‍ॅमेझॉनने 2019 मध्ये जाहीर केलं की जवळपास 7,500 ओरॅकल डेटाबेसमधला 75 पेटाबाइट डेटा बाहेर काढला. (गेले कुठे, तर बराचसा स्वतःच्याच डायनमोडीबी आणि ऑरोरा या डेटाबेसवर, ते सोडा.)

आता हेही सांगतो नाहीतर कमेंटमध्ये याल. लॉक-इन खोटं नाही. प्रोसेसरच्या कोअरमागे लायसन्स मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये सगळं बिझनेस लॉजिक पीएल-एसक्यूएल (ओरॅकलची स्वतःची भाषा) पॅकेजमध्ये कोंबलं तर बिल वाढलं की तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पोस्टग्रेसला एक मालकच नाही, एका होस्टिंगवाल्याने भाव वाढवला तर दुसरीकडे जा. डायनमोडीबी फक्त एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) मिळतं, तिथे तुमची भीती रास्त आहे. आणि प्रॉडक्ट क्लायंटच्या सर्व्हरवर, त्याच्या डेटाबेसवर बसवून द्यायचं असेल तर माझं वरचं बरंचसं विसरा, तिथे साधं एसक्यूएलच, आणि रोज दोन्ही डेटाबेसवर टेस्ट चालवा, नुसतं हायबरनेट (आपल्यासाठी एसक्यूएल लिहून देणारी जावा लायब्ररी) आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

जेसनबीचं राहिलंच. ज्यावर रोज फिल्टर लावता ते सरळ कॉलम करा, बाकीचं जेसनबीत.