लाइक भरपूर, शेअर मात्र नाही!

प्रश्न : ताई, मी रानभाज्यांवर लेख लिहून फेसबुकवर टाकला, ४० लाइक आले आणि संपलं. मैत्रिणीचा लेख मात्र मलाच तीन ग्रुपवरून परत आला! हे होतं कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, लाइक तुझ्यासाठी असतो, शेअर करताना माणसाला दुसरंच कुणीतरी आठवलेलं असतं. बर्गर आणि मिल्कमन या दोन संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्सचे जवळपास ७००० लेख तपासले, २०१२ला ते छापून आलं, त्यात दिसलं की वाचून माणूस थक्क होतो, चिडतो किंवा धास्तावतो असे लेख लोक एकमेकांना जास्त ईमेल करतात, नुसते उदास करणारे कमी. चीड पसरवणं सोपं आहे पण त्या वाटेला जाऊ नकोस, मनापासून सांगते. तुझ्याकडे थक्क करणारं खूप आहे की! टाकळा ओळखायचा कसा हे तळाशी असेल तर पहिल्या दोन ओळींत आण, कारण फेसबुक पुढचं झाकून ठेवतं.

आणि हो, व्हॉट्सअॅपवर खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज २०२०पासून एका वेळी एकाच चॅटला जातो, म्हणून ओळखीच्यांना स्वतः वेगवेगळा पाठव. तुझं नाव मजकुरातच गुंफ, शेवटी लिहिलेलं लोक सर्रास उडवतात.